चिमुकला बाजार, खरा हिशेब

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी अशी आपल्याकडील जुनी म्हण आहे. ती ठाऊक नाहीं असें मराठी घर क्वचितच सांपडेल. परंतु आपल्या पांढरपेशा घरांतून तिचा क्रम कित्येक पिढ्या नेमका उलटा लावण्यांत आला आहे. मोठेपणीं तूं कोण होणार, असें पाहुण्यानें मुलास विचारलें कीं डॉक्टर, इंजिनिअर, सरकारी अधिकारी किंवा परदेशांतील एखाद्या कंपनींत नोकरी, अशीं उत्तरें ठरलेलीं. ‘मी दुकान काढणार’ असें एखाद्या आठ वर्षांच्या मुलानें सांगितलें तर मंडळी कौतुकानें हंसतात. आणि त्या हंसण्यावरूनच आपलें उत्तर चुकलें हें मुलाच्या ध्यानांत येतें.

वस्तुतः उद्योग ही आपल्या घरांस अपरिचित अशी गोष्ट नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडली, बेळगांवास सायकलींचें दुकान चालविलें, पुढें लोखंडी नांगर घडविला आणि १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं गिरगांवांत शाईची पूड आणि वड्या करण्यास प्रारंभ केला. त्याच उद्योगाचें पुढें ‘कॅमलिन’ झालें, आणि आपल्यापैकीं पुष्कळांचीं बोटें लहानपणीं त्याच शाईनें रंगलेलीं आहेत. परंतु या मंडळींस उद्योगाचें शिक्षण मिळालें तें शाळेच्या बाहेर, मोठेपणीं आणि ठेंचा खाऊन. किर्लोस्करांचा पहिला नांगर विकला जाण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं असें सांगतात. तयार मालाकडे दोन वर्षें पाहत बसण्याचें धैर्य कोणत्या इयत्तेंत शिकवितात, असा प्रश्न या ठिकाणीं सहजच मनांत येतो.

‘उद्योजकता’ या शब्दाचा डौल मोठा आहे. तो उच्चारला कीं कारखाने, भागभांडवल, वृत्तपत्रांतील छायाचित्रें असें कांहींतरी डोळ्यांपुढें उभें राहतें. आठ-दहा वर्षांच्या मुलापुरता त्याचा अर्थ मात्र फार साधा आहे. आपल्या आसपासच्या माणसांस कशाची गरज आहे हें ओळखणें. ती भागेल असें कांहींतरी स्वतःच्या हातांनीं करणें. त्यासाठीं लागलेल्या प्रत्येक गोष्टीची किंमत जाणणें. आणि शेवटीं नफ्या-तोट्याचा हिशेब चारचौघांपुढें वाचून दाखविणें. या चार गोष्टी ज्यास आल्या, त्यास उद्योगाचीं मुळाक्षरें आलीं असें समजण्यास हरकत नाहीं. हीं मुळाक्षरें तिसरी-चौथीच्या वर्गांतही शिकवितां येतात, असें आमचें मत आहे. मात्र तीं नुसतीं फळ्यावर लिहून भागत नाहीं. मुलांच्या हातून गिरवून घ्यावीं लागतात.

बालबाजाराचें सध्याचें स्वरूप

गेल्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रांतील जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळांतून, आणि शहरांतील खाजगी शाळांतूनही, ‘बालबाजार’, ‘आनंदबाजार’ किंवा ‘आठवडी बाजार’ या नांवानें वर्षांतून एक दिवस साजरा होऊं लागला आहे. शाळेच्या पटांगणांत चटया अंथरून मुलें ओळीनें बसतात. कोणी परसांतील मेथी-कोथिंबीर आणतो, कोणी पेरू, कोणी चिंचा-बोरें. कोणी घरून भेळेचें साहित्य आणून तेथेंच कालवून देतो. शिक्षक, पालक आणि वरच्या वर्गांतील मुलें गिऱ्हाइकें होतात. दोन-तीन तास आरोळ्यांचा एकच गलका होतो, आणि एरव्हीं वर्गांत तोंड न उघडणारें एखादें मूल त्या दिवशीं सर्वांत मोठ्यानें ओरडत असलेलें आढळतें.

हा उपक्रम स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. पस्तीस रुपयांची भाजी घेऊन पन्नासांची नोट देणाऱ्या गिऱ्हाइकास किती परत द्यावयाचे, हें उदाहरण वहींत चुकलें तर एक गुण जातो. बाजारांत चुकलें तर पदरचा पैसा जातो. या दोन चुकांमधील अंतर मुलास कोणी समजावून सांगावें लागत नाहीं. तराजू हातीं धरल्यावांचून पाव किलो म्हणजे किती याचा अंदाज येत नाहीं, आणि भवानी होईपर्यंतचा वेळ किती लांबतो हेंही चटईवर बसल्यावांचून कळत नाहीं. अपूर्णांक, वजनें, मापें, नाणीं, संभाषण आणि सभाधीटपणा यांचा एवढा एकत्रित अभ्यास दुसऱ्या कोणत्या पाठांत होत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

खोटा नफा

असें असतांही या बाजारांत एक मोठें वैगुण्य राहून जातें, आणि तें मुलांमुळें नव्हे तर आम्हां वडील माणसांमुळें राहतें. सायंकाळीं गल्ला मोजला जातो आणि मूल धांवत घरीं येऊन सांगतें, ‘मला चारशें रुपये नफा झाला!’ सारें घर टाळ्या वाजवितें. बटाटे आईनें आणले, भजीं आजीनें तळलीं, तेल-बेसन घरच्या डब्यांतलें, टेबल वडिलांनीं वाहून नेलें, आणि विकत घेणाऱ्यांत निम्मे लोक काका, मावशी व शेजारी. चारशें रुपये ही विक्री झाली. नफा किती झाला, किंबहुना झाला कीं नाहीं, हें त्या घरांत कोणासच ठाऊक नसतें.

विक्री आणि नफा यांतील हा फरक ज्या मुलास कळला नाहीं, तें बाजारांतून रिकाम्या हातांनीं परतलें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तें दोन अपसमज बरोबर घेऊन येतें. पहिला असा, कीं पैसा हा मागचापुढचा खर्च नसतां आपोआप येतो. दुसरा त्याहून वाईट : घरांतील बाईच्या श्रमांची किंमत शून्य असते. आजीनें दोन तास कढईपुढें उभें राहून तळलेलीं भजीं हिशेबांत कोठेंच दिसत नाहींत, याचा धडा मूल फार लवकर शिकतें आणि जन्मभर विसरत नाहीं. उद्योग शिकविण्याच्या नांवाखालीं आपण हें शिकवीत असूं, तर तो बाजार न भरविलेलाच बरा.

यावर उपाय अवघड नाहीं. एक लहानसें उदाहरण घेऊं. समजा, चौथींतील चार मुलांनीं लिंबाचें सरबत करावयाचें ठरविलें. चाळीस पेल्यांस वीस लिंबें, दर पांच रुपयांप्रमाणें १०० रुपये. साखर एक किलो, ५० रुपये. बर्फ ४० रुपये. मीठ व जिऱ्याची पूड १० रुपये. एकूण २०० रुपये. हे दोनशें रुपये त्यांनीं वर्गाच्या पेढीकडून उसने घेतले आणि वापराबद्दल १० रुपये अधिक देण्याचें कबूल केलें. म्हणजे देणें झालें २१० रुपये. पेल्यास दर ठरविला १० रुपये. आतां पहिला पेला विकला गेला कीं मुलें उड्या मारतील. परंतु एकविसावा पेला विकला जाईपर्यंत त्या चौघांच्या पदरीं एक पैसाही नाहीं. तोंवरचें सारें पेढीचें आहे. बाविसाव्या पेल्यापासून पुढें जें येईल तें त्यांचें. ही गोष्ट चौथीच्या मुलास नीट समजते. एकवीस खडे एका बाजूस मांडून ठेवावे आणि प्रत्येक पेल्यागणिक एक उचलावयास सांगावा, म्हणजे खडे संपतांच जो आनंद होतो तो खऱ्या नफ्याचा आनंद होय.

समजा, दिवसाअखेर चौतीस पेले विकले गेले; चार उरले आणि दोन सांडले. विक्री ३४० रुपये, देणें २१०, नफा १३० रुपये. आतां खरा पेंच पुढें आहे. चौघांपैकीं दोघांनीं लिंबें आणण्यापासून पेले विसळण्यापर्यंत चार-चार तास काम केलें. बाकीच्या दोघांनीं अडीच-अडीच तास. सारखी वांटणी केली तर प्रत्येकास साडेबत्तीस रुपये. तासांप्रमाणें केली तर दोघांस चाळीस-चाळीस आणि दोघांस पंचवीस-पंचवीस. न्याय्य कोणतें? शिक्षकानें येथें निवाडा देऊं नये. मुलांस भांडूं द्यावें. ज्यानें कमी तास काम केलें त्यानेंच जर मोठ्यानें ओरडून बरींच गिऱ्हाइकें आणलीं असतील, तर त्याच्या तासाचें मोल काय? या एका प्रश्नांत भागीदारीचें सारें शास्त्र सांठविलेलें आहे, आणि दहा वर्षांचीं मुलें त्यावर जो युक्तिवाद करतात तो ऐकण्यासारखा असतो. पुढल्या वेळीं वांटणीचा करार कामास लागण्यापूर्वींच करून ठेवावा, एवढें त्यांचें त्यांनाच उमगलें म्हणजे पाठ पुरा झाला.

सहा आठवड्यांचा पाठ

यास्तव बाजार हा एका दिवसाचा समारंभ न ठेवतां त्यास सहा आठवड्यांच्या अभ्यासाचें स्वरूप द्यावें, अशी आमची सूचना आहे. रोज वेळ द्यावयास नको. आठवड्यास दोन तास पुरेत.

पहिल्या आठवड्यांत मुलांनीं कांहींही करूं नये. फक्त विचारीत हिंडावें. शाळेंतील, वाड्यांतील, सोसायटींतील माणसांस काय लागतें आणि काय मिळत नाहीं? पुस्तकांस कव्हरें घालून हवीं आहेत काय? गच्चीवरच्या कुंड्यांस झेंडूचीं वा तुळशीचीं रोपें हवीं आहेत काय? दिवाळीस साधा, कागदाचा आकाशकंदील कोणी घेईल काय? ‘मला काय करतां येतें’ यापेक्षां ‘दुसऱ्यास काय हवें आहे’ हा प्रश्न आधीं विचारावयास शिकणें हाच या आठवड्याचा हेतु. मुलाच्या स्वाभाविक आत्मकेंद्री वृत्तीस याहून गोड औषध नाहीं.

दुसऱ्या आठवड्यांत भांडवलाचा विचार. येथें शिक्षकानें दोन गोष्टी सांगाव्या. एक, पैसा फंडाची. अंताजी दामोदर काळे यांनीं, प्रत्येकानें एक-एक पैसा द्यावा आणि त्यांतून देशी उद्योग उभे करावे, ही कल्पना गांवोगांव नेली. लोकमान्यांनीं तिला पाठबळ दिलें. आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें त्या पैशांतून कांचेचा कारखाना निघाला. दुसरी, लिज्जत पापडाची. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनीं ऐंशीं रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. पहिल्या दिवशीं झाले चार पुडे. उसने घेतलेले पैसे परत करावयाचे, परंतु देणगी कोणाकडे मागावयाची नाहीं, असा त्यांचा बाणा होता. भांडवल म्हणजे बक्षीस नव्हे, तो दुसऱ्याचा विश्वास होय, हें मुलांस या दोन गोष्टींवरून सहज समजेल. यानंतर वर्गानें आपली पेढी काढावी. प्रत्येक गटानें लेखी अर्ज करावा : काय करणार, किती लागेल, कधीं परत देणार. अर्ज वाचून मंजूर करणारे पंचही मुलांतूनच निवडावे. अर्ज अपुरा असेल तर परत पाठवावा. शुद्ध लिहिण्याची गरज मुलांस एवढी दुसरीकडे कोठेंही भासणार नाहीं.

तिसऱ्या व चौथ्या आठवड्यांत वस्तु तयार कराव्या. येथें आमची सर्वांत कडक अट अशी, कीं जें मुलाच्या हातांनीं होण्यासारखें नाहीं तें घेऊं नये. विस्तवाजवळचें आणि तळणीचें काम वर्ज्य. कागदी पाकिटें, वापरलेल्या वह्यांतील कोऱ्या पानांच्या नव्या वह्या, बियांपासून वाढविलेलीं रोपें, राख्या, पणत्या रंगविणें, सायकली पुसून देणें, असे कितीतरी उद्योग आहेत. यांत रोपांचा उद्योग आम्हांस विशेष शिक्षणप्रद वाटतो, कारण पन्नास बिया पेरल्या म्हणजे पन्नास रोपें येत नाहींत. कांहीं उगवत नाहींत, कांहीं सुट्टीच्या दिवसांत पाण्यावांचून वाळतात, एखादी कुंडी मांजर लोळवितें. उरलेल्या तीस रोपांवर त्या वीसांचा खर्च चढवावा लागतो, हें जेव्हां मूल स्वतः मांडतें, तेव्हां शेतकऱ्याच्या मालाचा भाव वर्षांगणिक कां बदलतो याचें पहिलें दर्शन त्यास घडतें.

पांचव्या आठवड्यांत दर ठरवून बाजार भरवावा. दर ठरवितांना मुलें एक तर फार कमी सांगतात किंवा फार जास्त. दोन्ही करूं द्यावें. पंधरा रुपयांस सरबत ठेवून वीसच पेले गेले तर येतात तीनशें; देणें जाऊन उरतात नव्वद. दहांस ठेवून चौतीस गेले तर उरतात एकशें तीस. महाग विकणें म्हणजे अधिक मिळविणें नव्हे, हें पाठ्यपुस्तकांतील वाक्यापेक्षां हे दोन आंकडे अधिक पटवून देतात. आणखी एक सूचना आजच्या काळास अनुसरून करावीशी वाटते. बाजारांत पालकांनीं मोबाईल काढून पैसे पाठवूं नयेत. मोठ्या माणसांस ती सोय मोलाची आहे; परंतु मुलास त्यांत पैसा येतांना दिसत नाहीं आणि मोड देतांना चुकण्याची संधिही मिळत नाहीं. त्या दिवशीं सुटीं नाणींच आणावीं.

सहावा आठवडा हिशेबाचा, आणि आमच्या मतें हाच सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक गटानें जमा आणि खर्च अशा दोन रकान्यांत आपला हिशेब लिहून फळ्याशेजारीं लावावा आणि वर्गापुढें वाचावा. घरून आणलेल्या वस्तूची बाजारभावानें किंमत लिहावी. आईनें मदत केली असेल तर तिचे तास लिहावे; पैसे दिले नाहींत तरी तास लिहिले गेलेच पाहिजेत. ज्या गटास तोटा झाला असेल त्यानेंही तितक्याच मोकळेपणानें वाचावें आणि तोटा कशामुळें झाला तें सांगावें. तोटा झालेल्या मुलाच्या हातांत त्याच वेळीं गुपचुप नोट सरकविणारे वडील त्याचें जितकें नुकसान करतात तितकें त्या तोट्यानेंही झालेलें नसतें.

तराजूच्या दोन बाजू

या बाजाराचा आणखी एक लाभ आहे, आणि तो विशेषतः आमच्या वाचकांच्या घरांतील मुलांस होण्यासारखा आहे. सरकारी शाळेच्या वर्गांत भाजीवालीचा मुलगा, रिक्षा चालविणाऱ्याची मुलगी आणि प्राध्यापकांचा मुलगा एकत्र बसत असले, तर एरव्हीं परीक्षेंत पुढें असणारा शेवटचा मुलगा बाजाराच्या दिवशीं मागें पडतो. भाजी ताजी कशी दिसते, पाणी कधीं शिंपडावें, दुपारनंतर भाव किती उतरवावा, कोणत्या गिऱ्हाइकास काय बोलावें, हें सारें भाजीवालीच्या मुलास तोंडपाठ असतें. त्या दिवशीं तो गुरु होतो. विद्या पुस्तकांतच असते आणि ती ठराविक घरांतच नांदते, हा जो सूक्ष्म गर्व आपल्या मुलांच्या अंगीं नकळत मुरतो, त्यास एवढें बिनबोभाट उत्तर दुसरें नाहीं. खेदाची गोष्ट ही, कीं आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें आतां अशा शाळांत जातात, जेथें भाजीवालीचा मुलगा नसतोच.

ज्या मुलानें उन्हांत तीन तास बसून दहा-दहा रुपयांच्या जुड्या विकल्या, तें मूल दुसऱ्या दिवशीं आईबरोबर मंडईंत गेलें म्हणजे आईची घासाघीस निराळ्या कानांनीं ऐकतें. ‘वर थोडी कोथिंबीर टाक’ या आपल्या नेहमींच्या वाक्यास किंमत असते, आणि ती कोणाच्या तरी एकविसाव्या पेल्यांतून जाते, हें त्याला आतां ठाऊक झालेलें असतें. विकणाऱ्याच्या बाजूनें एकदां तराजू धरल्यावर घेणाऱ्याच्या बाजूनेंही तो नीट धरतां येतो.

आणि आपण तरी उद्योगापासून एवढे दूर कधीं होतों? पापड-सांडगे करून, मेतकूट-लोणचीं विकून, खाणावळी चालवून मुलांचीं शिक्षणें पुरीं करणाऱ्या आज्या-पणज्या आपल्यापैकीं कित्येक घरांत होऊन गेल्या. मुलें शिकून नोकरीस लागलीं, आणि घरच्या इतिहासांत वडिलांच्या पदव्या राहिल्या. आजीच्या पापडांची वही मात्र कोणी जपली नाहीं. ज्या उद्योगावर घर उभें राहिलें त्याचीच लाज वाटावी, हें चमत्कारिक नव्हे काय? शाळेच्या बाजारानिमित्त घरांतील ही वही पुनः उघडली गेली तरी आम्हांस धन्यता वाटेल.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल, कीं एवढ्या कोवळ्या वयांत पैशाची गोडी लावूं नये. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. परंतु पैशाची गोडी आज मुलांस शाळा लावीत नाहीं. ती दुकानांतील कांचा आणि घरांतील पडदे लावीतच आहेत. मुलास पैसा खर्च होतांना रोज दिसतो. तो मिळतांना कधींच दिसत नाहीं. लोभ बळावतो तो याच अर्धवट ज्ञानामुळें. तथापि सावधगिरी म्हणून नफ्यावर बक्षीस मुळींच ठेवूं नये. बक्षीस द्यावयाचेंच तर सर्वांत स्वच्छ हिशेबास द्यावें, मग तो हिशेब तोट्याचा कां असेना. नफ्याचा विनियोगही मुलांनींच एकत्र बसून ठरवावा : कांहीं वांटून घ्यावा, कांहीं वर्गाच्या पुस्तकांसाठीं ठेवावा, कांहीं पेढींत परत घालावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांकडून काम करवून त्याचा पैसा करणें ही बालमजुरीची पहिली पायरी तर नव्हे? हा प्रश्न महाराष्ट्राच्याच भूमीवर एकदां मोठ्या प्रमाणावर चर्चिला गेला आहे. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें योजना आंखली. सात वर्षांचें मोफत शिक्षण मातृभाषेंतून आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या आधारें द्यावें असें ठरलें. मुलांनीं केलेल्या मालाच्या उत्पन्नांतून शिक्षकांचा खर्च भागावा अशी गांधीजींची अपेक्षा होती, आणि टीकाकारांनीं नेमकें येथेंच बोट ठेवलें : शाळेचा कारखाना होईल आणि सूत किती निघालें यावर मुलाची किंमत ठरेल. हात आणि डोकें यांची फारकत करूं नये हा नई तालीमचा गाभा आम्हांस आजही खरा वाटतो. सेवाग्राम येथें २००५ सालीं पुनः सुरू झालेली आनंद निकेतन ही शाळा त्याच वाटेनें गेली आहे. परंतु टीकाकारांची भीतिही खोटी नव्हती. ज्या क्षणीं मुलाच्या कमाईची गरज मोठ्या माणसांस लागते, त्या क्षणीं शिक्षण मागें पडतें. म्हणून वर्गांतील उद्योगावर शाळेचा एक रुपयाही अवलंबून असूं नये, आणि रकमा इतक्या लहान असाव्या कीं त्यांचा मोह कोणासच पडूं नये.

परदेशांतही हा प्रयोग निरनिराळ्या रीतींनीं झालेला आहे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें १९१९ सालीं ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ ही संस्था निघाली, आणि मुलांस लहानशी कंपनी काढून, माल करून, विकून, शेवटीं हिशेबासह ती बंद करावयास शिकविण्याची तिची पद्धति पुढें अनेक देशांत गेली. कंपनी काढण्याइतकेंच ती नीट मिटविणें हेंही शिक्षण आहे, हा त्यांतील विचार आपण उचलण्यासारखा आहे. फिनलंडमध्यें तर सहावीच्या मुलांसाठीं छोटीं गांवें उभारलेलीं आहेत. त्यांच्या फिन्निश नांवाचा अर्थच ‘उद्योगांचें गांव’. २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या या उपक्रमांत मुलें आधीं वर्गांत तयारी करतात आणि मग एक संबंध दिवस त्या गांवांत नोकरी करतात, पगार घेतात, खर्च करतात. त्या देशांतील सहावीच्या मुलांपैकीं बहुसंख्य मुलें यांतून जातात. आपल्याकडेही कोठारी आयोगानें १९६६ सालीं कार्यानुभवाचा पुरस्कार केला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यांत घालवावयाचे दहा ‘दप्तराविना’ दिवस सुचविले. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापून माध्यमिक वयाच्या मुलांसाठीं हा मार्ग पूर्वींच दाखविला आहे. त्याचा पाया प्राथमिक शाळेंत घालावयाचा, एवढेंच काम उरलें आहे.

घरानें काय करावें

शिक्षकांवर आधींच कामांचा भार पुष्कळ आहे हें आम्ही जाणतों. म्हणून या कामांतील मोठा वांटा घरानें उचलावा. आणि तो बहुतांशीं कांहीं न करण्याचा आहे. मुलाचा माल आपण करूं नये. त्याला सामान फुकट देऊं नये; डब्यांतील साखर हवी असेल तर मोजून घेऊं द्यावी आणि पैसे घ्यावे. त्याच्यासाठीं नातलगांची गिऱ्हाइकी गोळा करूं नये. माल उरला तर उरूं द्यावा. उरलेलें सरबत सायंकाळीं सर्वांनीं मिळून प्यावें, परंतु तें विकत घेऊन तोटा झांकूं नये. रात्रीं मूल वही घेऊन बसलें म्हणजे मात्र शेजारीं बसावें, आणि बेरीज चुकली तर ‘पुनः एकदां पाहा’ एवढेंच म्हणावें.

एका वर्गांत पांच गट धरले आणि प्रत्येकास दोनशें रुपये दिले, तर सारें भांडवल एक हजार रुपये होतें. पन्नास पालकांनीं वीस-वीस रुपये घातले कीं पेढी उभी राहते. ही देणगी नव्हे. हिशेब नीट राहिला तर हे हजार रुपये दर वर्षीं परत येतात, आणि यंदाची चौथी ते पुढल्या चौथीच्या हातीं सोंपवून जाते. त्या पैशांबरोबर एक वहीही जाते. आपल्या आधींच्या मुलांनीं कोणता माल केला, कोठें फसलीं, वांटणीवरून कां भांडलीं आणि शेवटीं काय ठरविलें, हें त्यांच्याच वेड्यावांकड्या अक्षरांत तींत लिहिलेलें असेल. येत्या वर्षीं आपल्या मुलांच्या शाळेंत अशी एक तरी वही सुरू व्हावी, इतकीच आमची विनंति आहे. बाजाराच्या दिवशीं वाचकांनीं खिशांत सुटीं नाणीं घेऊन यावें, भाव विचारावा, माल पारखून घ्यावा, आणि न आवडल्यास न घेतां पुढें जावें. मुलांस खरें गिऱ्हाईक लाभणें हीच त्या दिवशींची सर्वांत मोठी मदत होय.